पाणी नको असलेले १४४ बोअर

कॅलगरी
१९ जानेवारी २०२५

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोन मध्येच तुटला तो मी ठेवला म्हणून नव्हे. बाहेर उणे वीसच्या खाली होतं, मी बसस्टॉपवर उभी होते आणि थंडीने मोबाइलची बॅटरी बसली. तुमचं शेवटचं वाक्य मात्र अख्खं ऐकू आलं होतं: "१४४ बोअर मारले आणि एकालाही पाणी नको? मग मारले कशाला?" मग तुम्ही हसायला लागलात आणि हसता हसताच फोन गेला. ज्याची हयात बोअरच्या गाडीवर गेली त्याला हे फोनवर पटवणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून कागद घेतला. आईला वाचून दाखवाल तेव्हा मधले आकडे गाळा. गाळलेत हे तिला कळेलच, पण ती काही बोलणार नाही.

काल शनिवारी मी ते बोअर मारलेत तिथे जाऊन आले. ओकोटोक्स नावाचं गाव, इथून दक्षिणेला, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. त्या गावात ड्रेक लँडिंग ही ५२ घरांची वस्ती आहे. २००७ पासून पुढची सतरा वर्षं ही घरं हिवाळ्यात उन्हाळ्याच्या उन्हावर तापत होती. जून-जुलैत छपरावर पडलेलं ऊन जमिनीत ठेवायचं आणि डिसेंबर-जानेवारीत काढून घरात सोडायचं, एवढाच तो उद्योग. बोअर आहेत ते एका बागेच्या कोपऱ्याखाली. मला वाटलं होतं, खाली एवढी ऊब आहे म्हटल्यावर वरचा बर्फ वितळलेला असेल, निदान जमीन तरी दिसेल. कसलं काय. आजूबाजूला होता तेवढाच बर्फ तिथेही. कुत्रा फिरवायला आलेली एक बाई, ही पोरगी नुसत्या बर्फाकडे एवढं काय बघतेय, म्हणून माझ्याकडे बघत राहिली. परतताना गाडीत डोक्यात उजेड पडला की बर्फ वितळला नाही हीच तर कारागिरी. वितळला असता तर खालची ऊब वरून गळतेय असं झालं असतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

इथे उन्हाला तोटा नाही. कॅलगरी कॅनडातल्या सगळ्यात जास्त ऊन मिळणाऱ्या शहरांत मोडते. अडचण अशी की ऊन नको त्या महिन्यांत मिळतं. जूनमध्ये दिवस सोळा तासांच्या वर जातो, आणि डिसेंबरात जेमतेम आठ तासांचा असतो. तेव्हा सूर्य इतका खाली असतो की दुपारी बारालाही सावली माणसाच्या साडेतीनपट पडते. घर तापवायची गरज असते ती नेमकी तेव्हाच. म्हणजे सहा महिन्यांचं अंतर कापायचं आहे आणि मधे कुठेतरी ऊब टिकवून ठेवायची आहे. विजेची बॅटरी एवढ्या मोठ्या आणि एवढ्या लांबणीच्या साठ्याला परवडत नाही. तापलेली जमीन मात्र परवडते, कारण ती आधीपासून तिथेच असते.

घरांच्या मागच्या गल्ल्यांत गॅरेजेस आहेत, चार रांगांमध्ये, एकमेकांना जोडलेली. त्यांच्या छपरांवर मिळून जवळजवळ ८०० सोलर पत्रे. वीज करणारे नव्हेत, पाणी तापवणारे, आपल्याकडे गच्चीवर दिसतात त्यांच्या जातीतले. त्यांतून साधं पाणी फिरवलं तर हिवाळ्यात गोठून नळ्या फुटतील, म्हणून ग्लायकॉल मिसळलेलं द्रव फिरतं, मोटारीच्या रेडिएटरमधल्या कूलंटसारखं. ते तापून जमिनीखालच्या नळ्यांतून एका छोट्या इमारतीत येतं, आपली ऊब तिथल्या पाण्याला देतं आणि परत छपरावर जातं. ऐन उन्हाळ्यातल्या दिवशी ही छपरं दीड मेगावॅट उष्णता देत.

आता बोअर. १४४, प्रत्येक ३५ मीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या भाषेत ११५ ते १२० फूट. तुम्ही म्हणाल, एवढ्यात तर आमचं केसिंगच संपतं. पण इथे खोल जायचंच नसतं. दोन बोअरमध्ये अंतर सव्वादोन मीटर! तुम्ही कुणाला सात फुटांवर दुसरा बोअर मारू दिला असतात? इथे मुद्दाम तसं करतात. सगळे मिळून सुमारे ३५ मीटर व्यासाचं वर्तुळ होतं. प्रत्येक बोअरमध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली प्लास्टिकची नळी सोडतात, एका बाजूने पाणी खाली जातं, तळाशी वळतं आणि दुसऱ्या बाजूने वर येतं. उरलेली पोकळी पक्क्या भरावाने भरून टाकतात. म्हणजे नळीतलं पाणी आणि जमीन यांची गाठ कधीच पडत नाही. फक्त ऊब नळीच्या भिंतीतून बाहेर जाते. सहा-सहा बोअर एका माळेत, अशा २४ माळा, प्रत्येक मधोमध सुरू होऊन कडेला संपणारी. उन्हाळ्यात गरम पाणी आधी मध्यावर सोडतात आणि ते कडेकडे जात निवत जातं. हिवाळ्यात उलटं: पाणी कडेने आत शिरतं आणि सगळ्यात गरम मध्यातून बाहेर पडतं. त्यामुळे कढत मधला गाभा कायम आत राहतो आणि कोमट जमीन त्याच्याभोवती गोधडीसारखी असते. वरच्या तोंडाला तेवढं उष्णतारोधक अंथरूण आणि त्यावर माती. बाजूंना आणि तळाला काहीच नाही.

इथे तुम्ही मला थांबवाल, माहीत आहे. "आणि शीर लागली तर?"

बाबा, इंजिनियर लोकांच्या आधी तुम्हीच हा प्रश्न विचारला असतात. खाली वाहतं पाणी असलं तर खेळ संपला. ते पाणी ऊब उचलतं आणि कुणाच्यातरी शेताखाली नेऊन सोडतं. म्हणून अशी जागा शोधताना वाहतं भूजल कुठे नाही हे आधी बघतात. तुमची हयात गेली शीर शोधण्यात, पाणाड्याच्या काठीला मान डोलावण्यात, आणि दोनशे फुटांवर भुकटी उडायला लागली की मालकाचं तोंड चुकवण्यात. इथल्या माणसाला तशी जागा मिळाली तर तो पेढे वाटेल. तुमच्या वहीत ज्या बोअरपुढे तुम्ही लाल पेनाने "फेल" लिहायचात, ते पान या लोकांना दाखवलं तर ते म्हणतील, हेच तर हवं होतं.

आता, ऊब बाजूंनी पळून का जात नाही? पळते. पण फार सावकाश. माती-खडकातून उष्णता सरकते ती सहा महिन्यांत चार-पाच मीटर, त्याहून फार नाही. हे मी स्वतः कागदावर करून पाहिलं, कारण आधी विश्वास बसेना. ३५ मीटर रुंद ढेकळाच्या मध्यापासून कडेपर्यंत १७ मीटर. म्हणजे जुलैत मध्यात घातलेली ऊब कडेला पोहोचेपर्यंत जानेवारी येऊन जातो. सव्वादोन मीटरचं अंतरही त्यातूनच आलं: शेजारच्या दोन बोअरची ऊब एका मोसमात एकमेकांना भेटली पाहिजे, मधे थंड पट्टा राहता कामा नये. जमिनीच्या ज्या आळसावर आपण एरवी वैतागतो त्यावरच हे सगळं उभं आहे.

या आळसाची दुसरी बाजूही आहे. दुपारी दोन तासांत सूर्य जेवढं देतो तेवढं जमीन दोन तासांत घेऊच शकत नाही. म्हणून त्या इमारतीत दोन मोठ्या टाक्या आहेत, प्रत्येकी १२० घनमीटरच्या. दिवसा ऊन टाकीत आणि रात्रभर टाकीतून हळूहळू जमिनीत. कमी पाण्याच्या बोअरला तुम्ही हेच करायला सांगायचात ना, मोटर बारीक चालवा, रात्रभर टाकी भरू द्या, आणि सकाळी एकदम वापरा? तेच गणित, फक्त दिशा उलटी.

दादाला हे सांगा, कारण त्याचा मेसेज आलाय. घरामागच्या बंद बोअरमध्ये सोलरचं गरम पाणी सोडून बघू का, असं विचारतोय. दादा, नको. एका बोअरची ऊब चारी बाजूंना पसरते आणि परत येत नाही, कारण तिला अडवायला शेजारी तापलेली जमीन नसते. हे काम मोठ्या आकारातच होतं. एका मीटरचा चौकोनी ठोकळा घे: घनफळ एक, पृष्ठभाग सहा. दहा मीटरचा घे: घनफळ हजार, पृष्ठभाग सहाशे. साठा हजारपट झाला आणि ऊब गळायची जागा फक्त शंभरपट. म्हणून एकट्या घराला परवडत नाही, ५२ घरांना परवडतं, आणि ५०० घरांना आणखी परवडलं असतं. इथले तज्ज्ञसुद्धा म्हणत की ५२ ही आकड्याची खालचीच बाजू आहे.

पहिल्या वर्षाचं ऐकून तुम्ही हसाल. जमिनीत घातलेल्यापैकी जवळजवळ काहीच परत मिळालं नाही. सगळी ऊब जमिनीने स्वतःच पिऊन टाकली. मे महिन्यातल्या भेगाळलेल्या रानाला पहिलं पाणी दिल्यावर होतं तसं, आधी माती पिते, मग पिकाला. पहिल्या वर्षी घरांच्या गरजेचा साधारण ५५ टक्के भाग उन्हाने भागला, तोही बराचसा थेट टाक्यांतून. उरलेलं गॅसच्या बॉयलरने. पाचव्या वर्षी हा आकडा ९७ टक्के झाला आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात पूर्ण १००. अख्खा हिवाळा, ५२ घरं, बॉयलरची गरजच पडली नाही. तरीसुद्धा जमीन मुरल्यावरही घातलेल्या उबेपैकी निम्मीच्या आसपास, कधी त्याहून कमी, परत मिळायची. हा तोटा मोठा वाटतो. पण फुकट पडणाऱ्या उन्हातलं निम्मं गेलं तर रडायचं किती, यावर माझं आणि मैत्रिणीचं गाडीत भांडण झालं. माझं मत, फार रडू नये, कारण छपरं आणखी असली की झालं. तिचं मत, ती छपरंही कुणीतरी विकत घेतलेली असतात. यात तिचं बरोबर आहे, हे इथे लिहिते, तिला सांगणार नाही.

घरात काय होतं ते सांगायचं राहिलं. टाकीतलं साधारण ४०-५० अंशांचं पाणी नळीने प्रत्येक घरात येतं, घरातल्या एका पेटीत कॉइलमधून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा फेकतो. नेहमीच्या भट्टीतून येते तशी कडकडीत हवा नाही, पण घरं मुळात घट्ट बांधलेली, त्यामुळे पुरते. ही पेटी लक्षात ठेवा, तिचं नाव पुन्हा येणार आहे.

कारण आता वाईट भाग. मी "होती", "तापत होती" असं लिहितेय ते तुम्ही हेरलं असेलच. हा प्रकल्प बंद झाला. २०२४ मध्ये ठरवून गुंडाळला आणि घरांना गॅसच्या भट्ट्या आल्या. दादाने पाठवलेल्या व्हिडिओत हा भाग नव्हता, तो जुना असणार. बंद का, तर सामान म्हातारं झालं. छपरावरचे पत्रे, नळ्या, आणि ती घरातली पेटी. हे सगळं त्या ५२ घरांसाठी खास निवडलेलं, बाजारात रोज न खपणारं. सुटे भाग मिळेनात, ते बसवता येणारी माणसं मिळेनात, आणि ५२ घरांसाठी सगळं नव्याने करायचं तर हिशोब बसेना.

बातम्यांत मथळे आले की "प्रयोग फसला". माझा राग त्यावर आहे आणि हे पत्र एवढं लांबलं तेही त्यामुळेच. काय फसलं ते तरी नीट सांगा की! जमीन फसली नाही. बोअर फसले नाहीत. सतरा वर्षं जमिनीने घेतलेली ऊब दर हिवाळ्यात परत दिली आणि एकदा शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचवून दाखवलं. फसली ती जमिनीच्या वरची लोखंड-प्लास्टिकची कामं, जी कुठलीही असोत, वीस वर्षांत बदलावीच लागतात. मी ज्या इमारतीची देखभाल करते तिथे गेल्या वर्षी एक साधा मोटर वॉल्व्ह गेला. कंपनीने ते मॉडेल बंद केलं होतं. नऊ आठवडे मी रोज सकाळी जाऊन हाताने तो वॉल्व्ह फिरवून येत होते, आणि वरच्या मजल्यावरचे लोक मलाच शिव्या घालत होते. म्हणून कुणी म्हणालं नाही की गरम पाण्याने इमारत तापवणं हीच मुळात चूक. तुमची मोटर जळायची तेव्हा तुम्ही बोअरला फेल लिहायचात का?

एकुलत्या एका गोष्टीचा हा शाप असतो. अशा दोनशे वस्त्या असत्या तर त्या पेटीचे भाग गावच्या दुकानात मिळाले असते.

डेन्मार्कमध्ये ते जमलं, कारण तिथे हा एकट्यादुकट्याचा खेळ नाही. तिथली बहुतेक घरं आधीपासूनच गावाच्या सामाईक गरम पाण्याच्या नळांवर आहेत आणि गावोगावच्या कंपन्या बऱ्याचदा ग्राहकांच्याच मालकीच्या असतात. एका गावाने केलं की शेजारचं गाव बघायला येतं. बोअर त्यांनीही मारले आहेत. ब्रेडस्ट्रुप गावात ४८, प्रत्येक ४५ मीटर, आणि वरून झाकायला त्यांनी काय वापरलं माहीत आहे? शिंपले. अर्धा मीटर जाडीचा शिंपल्यांचा थर. त्यांच्यामधली हवा ऊब अडवते. हे वाचल्यापासून मला ब्रेडस्ट्रुप बघायचंच आहे.

पण त्यांची खरी आवड खड्ड्यांची. तुम्हाला शेततळं माहीत आहे, खणायचं, प्लास्टिकचा कागद अंथरायचा, पाणी भरायचं. त्यांचं तेच, फक्त पाणी ८०-९० अंशांचं आणि वर तरंगतं, ऊब धरणारं झाकण. एका बेटावरच्या मार्स्टल गावात ७५,००० घनमीटरचं आहे. व्होयेन्सला २०१५ पासून दोन लाख घनमीटरचं, जोडीला ७०,००० चौरस मीटरचे सोलर पत्रे. पाणी मातीपेक्षा चांगलं साठवतं. एक घनमीटर पाणी ८० अंशांवरून ४० वर आणलं तर सुमारे ४६ युनिट ऊब निघते, तेवढ्याच मातीतून साधारण निम्मी ते दोन तृतीयांश. शिवाय पाणी ऊब घेतं-देतं झटपट, रात्रभर वाट बघावी लागत नाही. त्यांचं दुखणं झाकणात आहे: पावसाचं पाणी वर साचतं, ओल आत शिरते, आणि ओलं झालेलं अस्तर ऊब धरत नाही. तिथेही जमिनीचं काही बिघडत नाही, बिघडतं ते वरचंच.

काल तिथे उभी असताना मला एकच विचारायचं होतं आणि विचारायला कुणी नव्हतं. पंप बंद केल्यावर खालची ऊब कुठे गेली? मी केलेल्या हिशोबाप्रमाणे ती लगेच जात नाही. मधल्या गाभ्यातली ऊब निवायला काही वर्षं लागतील. म्हणजे काल माझ्या बुटांखाली, त्या बर्फाखाली, बहुधा अजून कुठल्यातरी जुन्या जुलैचं ऊन पडून होतं आणि आजूबाजूच्या ५२ घरांत गॅस जळत होता. पायाला मात्र काही कळलं नाही. पाय बधिर झाले होते.

तुमची ती बोअरची वही आई रद्दीत देईल त्याआधी एक काम करा. फेल गेलेल्या बोअरची पानं फोटो काढून पाठवा. किती फुटांवर मुरूम संपला, पाषाण कुठे लागला, सगळं असलेली पानं. पाणी लागलेली पानं नकोत.

आईला आणि दादाला सांगा, मी बरी आहे, नवे बूट घेतलेत.

तुमची
मंजू

ता. क. दादाने त्या बंद बोअरची मोटर विकून टाकली असेल तर ठीक. नसेल तर त्याला म्हणावं, भाग मिळतायत तोवरच विक.